पोट मोजायचं राहून जातं

आमच्या लॅबचं शटर सकाळी साडेसहाला वर जातं तेव्हा बाहेर चार-पाच माणसं आधीच उभी असतात. परळ-लालबागची माणसं तशीही लवकर उठणारी, त्यात उपाशीपोटी रक्त द्यायचं, म्हणजे कधी एकदा सुई टोचून होते आणि कोपऱ्यावर चहा मिळतो असं झालेलं असतं. राखाडी टोपणाच्या नळीत साखरेचं रक्त, जांभळ्या टोपणाच्या नळीत हिमोग्लोबिन आणि एचबीएवनसीचं (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), पिवळ्या टोपणाच्या नळीत कोलेस्टेरॉल आणि लिव्हरचं. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून या कामाला लागले तेव्हापासून माझी सकाळ या तीन रंगांत जाते.

पिवळ्या नळीतलं रक्त अर्धा तास तसंच ठेवून गोठू द्यायचं असतं. मग ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. बाहेर काढली की तळाला लाल गठ्ठा, मधे जेलचा थर आणि वर सीरम. चांगलं सीरम फिकट पिवळं आणि नितळ असतं, नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. काही नळ्यांमागची अक्षरं मात्र दिसत नाहीत. वरचा थर पांढुरका, दुधाळ. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात फिरणारी एक प्रकारची चरबी, फार वाढली की असं होतं. यंत्रात घालायच्या आधीच अंदाज येतो की हा आकडा चारशेच्या घरात जाणार, आणि तसा गेला की एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, नेहमीच्या सूत्राने काढता येणार नाही, थेट मोजावं लागणार.

अशी नळी हातात आली की मी तिच्यावरचं नाव वाचते आणि सकाळी समोर बसलेला माणूस आठवते. हे रक्त एखाद्या चांगल्याच वजनदार माणसाचं असणार असं कुणालाही वाटेल, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण माझा जीव खालीवर होतो तो दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी.

त्यातल्या एकाबद्दल सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. वय चाळिशीच्या अलीकडचं. लोअर परळच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम. हातपाय काटकुळे, शीर पहिल्या फटक्यात सापडली. ऑफिसने वार्षिक तपासणी सांगितली म्हणून आलेला. उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६४ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.७, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं ‘नॉर्मल’. त्याचं सीरम दुधाळ निघालं. ट्रायग्लिसराइड्स ४३०, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल ३४, उपाशीपोटी साखर १०९, लिव्हरचं एसजीपीटी वाढलेलं. रक्तदाब १३४/८६. त्याच्या ऑफिसच्या फॉर्मवर ‘कमरेचा घेर’ असा एक रकाना छापलेला होता. आधी जिथे त्याची उंची-वजनं घेतली होती, तिथे तो कोराच सोडलेला.

रिपोर्ट न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, “ताई, वजन तर नॉर्मल आहे ना? मग हे ठळक छापलेले आकडे कसले?” रिपोर्टाचा अर्थ सांगणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. आमच्या डॉक्टर मॅडम आत होत्या, मी त्याला त्यांच्याकडे नेलं. मॅडमनी त्याला उभं केलं, ड्रॉवरमधून टेप काढली आणि पोटाभोवती धरली. ९६ सेंटीमीटर. शर्ट बाहेर सोडण्याची सवय, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर कधी आलं नव्हतं. त्या एका आकड्याबरोबर बाकीचे सगळे आकडे एका ओळीत येऊन बसले.

म्हणून हे लिहायला घेतलं. नेहमीच्या तपासणीत सुई न टोचता, पैसे न लागता आणि आपल्या माणसांच्या बाबतीत फार लवकर धोका सांगणारी जी गोष्ट आहे, नेमकी तीच राहून जाते. पोट मोजलं जात नाही. आणि कधी मोजलं, तर त्यावर जे बोललं जातं ते ऐकून माणूस पुन्हा तपासणीला फिरकत नाही.

वजन करायची हौस मुंबईला जुनी आहे. लहानपणी दादर स्टेशनवर रंगीत दिव्यांचं यंत्र असायचं. वर उभं राहायचं, दिवे लागायचे, चाक फिरायचं, नाणं टाकायचं आणि खटकन जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भावंडं भविष्यासाठी भांडायचो, वजन कुणी वाचतही नसे. कमरेचं माप मात्र फक्त शिंप्याकडे दिलं जायचं, आणि अजूनही बहुतेकांचं ते तिथेच दिलं जातं.

बीएमआयबद्दल माझी तक्रार नाही. पण तो कुठून आला हे माहीत असलं तर त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळतं. बेल्जियमचे अडॉल्फ केटले हे खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणारे गृहस्थ. १८३०च्या दशकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा अभ्यास करताना त्यांनी वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं गणित मांडलं. समोरच्या रुग्णाला तपासणं हा त्यामागचा हेतूच नव्हता. १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, आणि तिथून तो दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यांवर आला. हजारो माणसांचा अंदाज घ्यायला तो उत्तम आहे. एकट्या माणसाच्या शरीरात स्नायू किती, चरबी किती, आणि ती चरबी कुठे जाऊन बसली आहे, हे तो सांगू शकत नाही.

त्यात आपली गोष्ट आणखी वेगळी. जगभर २५च्या पुढे जादा वजन आणि ३०च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हीच रेषा २३ आणि २५वर आणली आहे, कारण आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरच सुरू होतात. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. इतकी वर्षं झाली तरी माझ्या हातातून जाणाऱ्या कित्येक फॉर्मवर अजून २४.९पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं.

हे असं का, याचं उत्तर शोधण्यात मोठा वाटा एका मराठी डॉक्टरांचा आहे आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक, केईएम रुग्णालयाचे. आमच्या परळच्या नव्हे, पुण्याच्या केईएमचे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. एकाच आकड्यामागे दोन निराळी शरीरं. त्याच्याही आधी, १९९३पासून, याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास जन्माला येत, इंग्लंडातल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण ती जेवढी हलकी होती त्या मानाने त्यांची चरबी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणजे बारीक दिसणारी, तरी आतून चरबी राखून आलेली बाळं. आईला पिढ्यान्‌पिढ्या पोटभर मिळालं नाही, राब राब राबावं लागलं, त्याचा हिशोब लेकराच्या अंगात उतरला. एखाद्याच्या पोटाकडे बघून “खाण्यावर ताबा नाही” असं जो पटकन म्हणतो, त्याने ही बाळं एकदा डोळ्यांसमोर आणावीत.

कातडीखाली जी चरबी साठते ती शरीराची सोयीची जागा. आपल्यातल्या पुष्कळांची ही जागा मुळातच तोकडी असते. दहा बाय बाराच्या खोलीत ट्रंका आणि माळा भरला की सामान स्वयंपाकघरात, मग दाराशी, मग जिन्यात ठेवावं लागतं, तशी उरलेली चरबी आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात जाऊन बसते. पोट पुढे येतं ते तिच्यामुळे. आतड्यांभोवतालच्या चरबीतून सुटलेली आम्लं थेट लिव्हरकडे जातात. लिव्हर इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या हार्मोनचं, ऐकेनासं होतं; रात्रभर गरज नसताना साखर सोडत राहतं, म्हणून सकाळची उपाशीपोटी साखर वाढलेली दिसते. चरबी भरभरून रक्तात पाठवतं, म्हणून ट्रायग्लिसराइड्स चढतात आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल उतरतं. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करून हे सगळं वर्षानुवर्षं सांभाळतं आणि एक दिवस थकतं. मधुमेहाचा रिपोर्ट हातात येतो तो त्या दिवशी. त्याआधीची सगळी वर्षं माणूस स्वतःला धडधाकट समजून लोकल पकडत असतो.

डॉक्टर पाच गोष्टी बघतात: कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषात ४०च्या आणि बाईत ५०च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचांतल्या तीन जमल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्या हिशेबनीसाच्या पाचही होत्या, आणि त्याच्या फॉर्मच्या शेवटी ‘कामासाठी योग्य’ असा शिक्का होता.

काही महिन्यांनी तो फेरतपासणीला आला तेव्हा घेर ९१वर होता आणि ट्रायग्लिसराइड्स निम्म्याच्या जवळ आलेले. वजन फार उतरलं नव्हतं. मॅडमनी आधी त्याला एका फिजिशियनकडे पाठवलं होतं, त्यांनी गोळी सुरू केली होती, रात्रीचं जेवण बदलायला सांगितलं होतं आणि करी रोड स्टेशनपासून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सी बंद. अजून बरंच बाकी आहे, पण तो वेळेत सापडला.

गिरणगावात वाढलेली असल्यामुळे मला यात आणखी एक गोष्ट दिसते. माझे वडील कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर, होते. आठ तासांची पाळी, दोन्ही हात साच्यांवर आणि पाय सतत चालते. जाड तांदळाचा भात, भाकरी, सुकट, गूळ घातलेला चहा. डॉक्टर आज जे टाळायला सांगतात त्यातलं बरंचसं ते रोज खायचे आणि पोट पाठीला लागलेलं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर या भागाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ज्या आवारांत साचे चालायचे तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि आमच्याच घरांतली मुलं तिथे खुर्चीवर बसून दहा-दहा तास काम करतात. चाळीतली खोली विकून कुणी बदलापूरला गेलं, कुणी नालासोपाऱ्याला. सकाळी सहाला घर सोडायचं, दुपारी डबा, संध्याकाळी गाडी पकडायच्या आधी वडापाव, कारण त्यानंतर दीड तास पोटात काही जाणार नाही. रात्री साडेनवाला घरी, साडेदहाला जेवण, जेवण झालं की आडवं. झोप पाच-साडेपाच तास. शरीर तेच, ताटही जवळपास तेच. उभ्याची पाळी गेली आणि बसायची आली. या माणसाला “व्यायाम करा” एवढं सांगून दारातून बाहेर काढणं मला क्रूरपणाचं वाटतं. कुठे करायचा आणि किती वाजता, हे त्याच्याबरोबर बसून ठरवायला हवं.

मोजणं म्हणजे नेमकं काय, तेही सांगते, कारण त्यातही घोळ होतो. पॅन्टचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे. पुष्कळ पुरुष पोटाच्या खाली पट्टा बांधतात आणि पंचवीस वर्षं एकच नंबर असल्याचं सांगतात. मी समोरच्यालाच सांगते, “बरगडीचं शेवटचं हाड बोटाने शोधा. आता कमरेचं वरचं हाड शोधा.” दोन्हींच्या मधोमध टेप येते. कपडा बाजूला, किंवा फार तर एक पातळ कपडा. पाय थोडे फाकलेले, हात सैल. टेप मागेही तितक्याच उंचीवर आहे ना ते बघायचं. पाठीकडे ती हमखास खाली घसरते. आवळायची नाही, लोंबू द्यायची नाही. “श्वास घ्या, सोडा,” आणि नेहमीसारखा श्वास सुटला की वाचायचं. टेप लागली की जवळजवळ प्रत्येक जण पोट आत घेतो. घेऊ द्यावं, दोन वाक्यं बोलावीत, कुठे राहता, कोणती गाडी पकडता ते विचारावं. बोलता बोलता पोट आपल्या जागेवर येतं. सगळं मिळून एखादं मिनिट लागतं. आकडे लक्षात राहत नसतील तर घेर आपल्या उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. १६० सेंटीमीटरच्या बाईला ८०.

साडी नेसलेल्या बाईची टेप घेताना पडदा हवा आणि घेणारी बाई हवी. ही सोय नसेल तर बायका नको म्हणतात आणि फॉर्मवर रेघ ओढली जाते. आपल्याकडे पोटाचा घेर वाढलेल्या बायकांचं प्रमाण मोठं आहे. त्यांच्याच रकान्यात रेघ पडणं परवडणारं नाही.

आता बोलण्याबद्दल. आपल्या घरांत वजनावर बोलण्याची मुभा सगळ्यांना असते. लग्नानंतर नवऱ्याचं पोट सुटलं तर “लग्न मानवलं हो”, आणि बाईचं वाढलं तर “बाळंतपणानंतर सुटलीच.” पण दवाखान्यात तरी हे थांबलं पाहिजे. पन्नाशीच्या एका मावशी सांगत होत्या, एका तपासणी शिबिरात सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करून त्यांचा आकडा मोठ्याने ओरडून सांगितला, आणि समोरचा म्हणाला, “मावशी, जरा कमी खा.” त्यानंतर कित्येक वर्षं त्या कुठल्याच तपासणीला गेल्या नाहीत. आमच्याकडे आल्या त्या पायाची जखम भरत नाही म्हणून, एचबीएवनसी दहाच्या वर घेऊन. ६.५ला मधुमेह ठरतो. घर, दोन नातवंडं, दिवसभर पोळ्यांच्या ऑर्डरी, गॅससमोर उभं राहून कमावणारी बाई. ती कमी हलते असं कुणी म्हणावं? त्या एका वाक्याची किंमत त्यांच्या पायाने मोजली.

आणि मुली. आई सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन येते, पाळी अनियमित म्हणून डॉक्टरांनी हार्मोनच्या तपासण्या लिहिलेल्या असतात. रक्त घेताना मुलगी ओढणी सारखी मानेवर ओढून घेते. मानेच्या मागे काळपट, जरा जाडसर, मखमली पट्टा. आई म्हणते, “किती घासते, बेसन लावते, लिंबू लावते, मळ जातच नाही.” तो मळ नसतो. इन्सुलिन खूप वाढलेलं असलं की मान, काख अशा घड्यांच्या जागी कातडी अशी होते. घासून ती जाणार नाही. आतलं इन्सुलिन उतरलं तर हळूहळू फिकी होते. हे मॅडमनी समजावलं की आयांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसते आणि मग काळजी. मुलीच्या चेहऱ्यावर मात्र नुसती सुटका.

दोन वाक्यं मुंबईत रोज कानावर पडतात. “साखर बॉर्डरवर आहे.” “सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर आहे, ते काय सगळ्यांनाच असतं.” ही वाक्यं दिलासा म्हणून बोलली जातात आणि त्यातच सगळं बिघडतं. बॉर्डरवर आहे म्हणजे अजून हातात आहे. काही करण्याची खरी वेळ तीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली आलेले आकडे सांगतात की देशात १० कोटींवर माणसांना मधुमेह आहे आणि १३ कोटींवर माणसं या बॉर्डरवर उभी आहेत. त्याच पाहणीत बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा २८.६ टक्के आणि पोटाच्या घेराने मोजलेला ३९.५ टक्के निघाला. या दोन आकड्यांच्या मधली जी माणसं आहेत, त्यांना वजनकाटा नॉर्मल म्हणून घरी पाठवतो.

आणि बॉर्डरवरून मागे फिरता येतं याला पुरावा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच बॉर्डरवरच्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. साधा आहारबदल आणि नियमित चालणं एवढ्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने झाला जवळपास तेवढाच. त्यातली मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट अशी की वजन फारसं न उतरताही हा फायदा दिसला. काट्यावरचा आकडा हलत नाही म्हणून महिन्याभरात चालणं सोडून देणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही आता काउंटरवर रोज विचारतात. २०२५मध्ये मौंजारो आणि वेगोवी भारतात आली तेव्हापासून. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे, आणि ती घेणाऱ्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. लग्नाच्या फोटोसाठी चार किलो उतरवायला, डॉक्टरांना न दाखवता, कुणाकडून तरी मिळवून टोचून घेणं हे मात्र धोक्याचं आहे. वजनाबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे ते आधीच कमी.

राग येतो तो ‘फुल बॉडी चेकअप’ नावाच्या पॅकेजांचा. सत्तर-ऐंशी चाचण्या, घरी येऊन रक्त, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पानंच्या पानं. माझी रोजीरोटी चाचण्यांवर आहे, तरी सांगते: त्यातल्या कित्येक चाचण्या त्या माणसाला लागतच नाहीत, आणि जी लागते ती टेप त्यात नसते. रक्त न्यायला येणारा मुलगा पहाटेपासून घरं घेत असतो, त्याला मोजायला सांगितलेलं नसतं आणि वेळही दिलेला नसतो. पुढे ती पानं घेऊन कुणासमोर बसायचं, हाही भाग पॅकेजात नसतो. माणूस ठळक अक्षरं मोजतो, दोनच आहेत म्हणून खूश होतो.

याउलट, तीस वर्षांवरच्यांच्या सरकारी तपासणीत जो फॉर्म भरतात, ज्याला सीबॅक म्हणतात, त्यात कमरेचा घेर आहे. बाईचा ८०पर्यंत शून्य गुण, ८१ ते ९०ला एक, त्यापुढे दोन. पुरुषाला ९०, ९१ ते १०० आणि पुढे. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला मधुमेह-रक्तदाब धरून चारच्या वर गुण झाले की आधी तपासणीला बोलवायचं. हा फॉर्म आशाताईसाठी केलेला आहे. दारोदार फिरणाऱ्या बाईच्या पिशवीतल्या कागदावर जे आहे, ते हजारो रुपयांच्या पॅकेजात का नसावं? जानेवारी २०२५मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने जगभरच्या डॉक्टरांना हेच सांगितलं: एकट्या बीएमआयवर कुणाला लठ्ठ किंवा निरोगी ठरवू नका, सोबत घेर किंवा चरबीचं दुसरं माप घ्या, आणि शरीराच्या कामावर परिणाम झाला आहे का ते बघा.

नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी आहे. चांगलंच आहे. पण तपासणीत काय असेल यावर कुणी भांडलं नाही तर पुन्हा तेच उंची-वजन, रक्तदाब, साखर आणि शिक्का. एचआरमध्ये काम करणाऱ्यांना, युनियनच्या माणसांना माझी विनंती आहे, फॉर्म छापायला जायच्या आधी एकदा वाचा. घेराचा रकाना आहे का, आणि तो भरणारं माणूस आहे का. पडदा आहे का. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांची दहा-पंधरा मिनिटं प्रत्येकाच्या वाट्याला येणार आहेत का. बसत नसेल तर दोन चाचण्या कमी करा आणि ही मिनिटं विकत घ्या.

आमच्या विभागातलं एक गणेशोत्सव मंडळ दरवर्षी शिबिर घेतं आणि साखर तपासायला आमच्या लॅबला बोलावतं. या वर्षी मुलं ठरवायला आली तेव्हा मॅडमनी आणि मी दोन गोष्टी मागितल्या: सभागृहाचा एक कोपरा पडद्याने वेगळा, आणि ज्यांचे आकडे वाढलेले निघतील त्यांची यादी घेऊन पुढचे तीन महिने त्यांच्या घरी जाणारे चार कार्यकर्ते. पडद्याला लगेच हो म्हणाले. यादीवर बराच वेळ चर्चा झाली, कुणाचा आजार कार्यकर्त्यांना कळावा का हा प्रश्न बरोबरच होता. शेवटी असं ठरलं की नावं मॅडमकडेच राहतील. फोन मी करीन, आणि ज्यांना खाजगी डॉक्टर परवडत नाही त्यांना जवळच्या ‘आपला दवाखाना’त सोबत नेण्याचं काम मंडळातल्या दोन मुली करतील, ज्याची त्याची हरकत नसेल तरच. पत्रक छापायला गेलं आहे. त्यावर “उपाशीपोटी यावे” याच्या खाली मुलांनी एक ओळ वाढवली आहे: “कमरेचा घेर मोजला जाईल. महिलांसाठी वेगळी सोय.”